बरें झाल्यानंतरची शुश्रूषा

मनुष्य आजारी पडला म्हणजे त्याच्याकडे सर्वांचें लक्ष जातें. शेजारीपाजारी विचारपूस करितात, आप्तेष्ट जेवणाचे डबे पोंचवितात, मंडळींत त्याच्या नांवानें प्रार्थना होते, कोणी देवळांत नवस बोलतो, कोणी दर्ग्यावर चादर चढवितो. परंतु तोच मनुष्य बरा होऊन घरीं आला म्हणजे आठ-पंधरा दिवसांत हें सारें ओसरतें. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण वैद्याविषयीं वापरतों. पण खरें पाहतां आपण ती रोग्याच्या बाबतींतही आचरितों. दुखणें सरलें, कीं दुखणाईताची आठवणही सरते. साध्या तापापुरतें यांत मोठेंसें बिघडत नाहीं. तथापि कर्करोगासारख्या दीर्घ आणि दारुण रोगांतून जो उठला आहे, त्याच्या बाबतींत ही आपली रीति चुकीची आहे, आणि ती पालकांनीं, शिक्षकांनीं व विद्यार्थ्यांनींही बदलली पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे. तें येथें सकारण मांडण्याचा विचार आहे.

कर्करोग म्हणजे मरणच, अशी समजूत ज्या काळीं सार्वत्रिक होती, त्या काळीं हा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून आजपर्यंत वैद्यकानें फार मोठी मजल मारली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं जगांत सुमारें २ कोटि लोकांस हा रोग नव्यानें जडला. त्यांत आपल्या देशांतले सुमारें १४ लक्ष होते. परंतु त्याच अंदाजांत असेंही आहे, कीं निदान होऊन पांच वर्षें लोटलेलीं नाहींत असे सुमारें ५ कोटि ३५ लक्ष लोक जगांत हयात होते. मुलांची गोष्ट तर अधिक आशेची आहे. संपन्न देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकीं ऐंशींहून अधिक मुलें आज बरीं होतात. गरीब देशांत हें प्रमाण बरेंच कमी आहे. तें २०३० सालापर्यंत सर्वत्र निदान साठांवर न्यावें, असा संकल्प जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं सोडला. तात्पर्य, या रोगांतून उठलेलीं माणसें आपल्या गल्लींत, आपल्या मंडळींत आणि आपल्या वर्गांत दिवसेंदिवस अधिक दिसणार आहेत. त्यांस वांचविण्याची विद्या आपण मिळविली. त्यांच्याबरोबर राहण्याची विद्या मात्र अद्यापि मिळवावयाची आहे.

उपचार संपल्याचा दिवस केवळ आनंदाचाच असणार, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षांत तो पुष्कळांस भयाचा जातो. याचें कारण समजण्यास कठीण नाहीं. उपचार चालू असतां कोठें जावयाचें, कोणतें औषध घ्यावयाचें, रक्त केव्हां तपासावयाचें, हें सर्व ठरलेलें असतें. डॉक्टर व परिचारिका डोळ्यांसमोर असतात. रोगाशीं आपण लढत आहों, ही जाणीव मनास आधार देते. मग शस्त्रक्रिया होते, केमोथेरपीचे फेरे होतात, लोक ज्यास 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात ते किरणोपचारही संपतात. आणि एके दिवशीं डॉक्टर सांगतात, 'आतां तीन महिन्यांनीं या.' त्या तीन महिन्यांत रोग्याच्या हातीं करण्यासारखें कांहींच उरत नाहीं. ढाल तर उतरून ठेविली, पण शत्रु खरोखर गेला कीं झाडीआड दबा धरून बसला आहे, हें ठाऊक नाहीं, अशी ही अवस्था होय.

तींत एकटेपणाची भर पडते. परळच्या रुग्णालयासाठीं दूरदूरच्या गांवांहून आलेलीं कुटुंबें दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणीं दिवसच्या दिवस राहतात. तेथें गैरसोय असते. परंतु तेथें डोकीवर केंस नसणें कोणास नवलाचें वाटत नाहीं, आणि आज अन्न कां जात नाहीं, हें शेजारणीस सांगावें लागत नाहीं. सर्वांचें दुःख एक असल्यामुळें तेथें कोणी परका नसतो. तेंच मूल गांवीं परतलें म्हणजे साऱ्या आळींत तसें दिसणारें एकटेंच असतें. 'ज्याचें जळतें त्यालाच कळतें' ही म्हण त्याच्या आईस त्या वेळीं जितकी पटते, तितकी पूर्वीं कधीं पटलेली नसते.

या स्थितीचें उत्तम वर्णन फिट्झह्यू मलन नांवाच्या एका अमेरिकन डॉक्टरानें केलें आहे. तो डॉक्टर असतांच त्यास कर्करोग झाला. त्यांतून तो उठला, आणि १९८५ सालीं एका वैद्यकीय नियतकालिकांत त्यानें आपला अनुभव लिहिला. रोगी एक तर बरा असतो किंवा बरा नसतो, ही विभागणी त्यानें खोटी ठरविली. आपल्याकडे जसे तीन ऋतु आहेत, तसे या मार्गावरही तीन ऋतु आहेत, असें त्याचें प्रतिपादन होतें. पहिला निदानाचा व उपचाराचा. दुसरा उपचार संपल्यानंतरचा, ज्यांत रोग परत येईल कीं काय या चिंतेनें मन व्यापलेलें असतें. आणि तिसरा, जेव्हां रोग परतण्याचा संभव अगदीं मंदावतो व मनुष्य त्या आठवणीसह आपलें आयुष्य नव्यानें बसवितो. आपण पहिल्या ऋतूंत धांवून जातों. दुसरा ऋतु सर्वांत एकाकी, आणि नेमके त्याच ऋतूंत आपण घरीं बसतों.

या चिंतेस १९८१ सालीं कूचर व ओमॅली या दोघां अमेरिकन विद्वानांनीं एक बोलकें नांव दिलें. बाळपणीं कर्करोग होऊन बऱ्या झालेल्या व्यक्तींचा अभ्यास करून त्यांनीं ग्रंथ लिहिला व त्यास 'डॅमोक्लीसची व्यथा' अशा अर्थाचें नांव ठेविलें. डॅमोक्लीसची गोष्ट इंग्रजीच्या तासाला पुष्कळांनीं वाचली असेल. सिराक्यूजच्या राजाचें ऐश्वर्य पाहून तो हेवा करूं लागला, तेव्हां राजानें त्यास सिंहासनावर बसविलें. पुढें पंचपक्वान्नें होतीं, पण मस्तकावर एका घोड्याच्या केंसानें टांगलेली नंगी तलवार होती. कर्करोगांतून उठलेल्या मनुष्यापुढेंही आयुष्याचें ताट पुन्हां मांडलेलें असतें. घास मात्र घशाखालीं सहज उतरत नाहीं. साधी पाठ दुखली, खोकला आला, अंगास गांठ लागली, कीं त्याच्या काळजांत धस्स होतें. तपासणीची तारीख जवळ आली म्हणजे आठवडाभर झोंप येत नाहीं. दुधानें तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. त्यास हंसण्याचा अधिकार ज्याचें तोंड पोळलें नाहीं त्यास नाहीं.

शिवाय देहावर ज्या खुणा रहातात, त्यांचें ओझें मनावर पडतें. कित्येकांस असा थकवा येतो, कीं तो झोपेनें जात नाहीं आणि महिनोन् महिने टिकतो. कित्येकांस नांवें, हिशेब, ठेविलेली वस्तु चटकन आठवत नाहीं. तंबाखू व गुटखा यांच्या पायीं आपल्या देशांत मुखाचा कर्करोग फार. ज्याच्या जबड्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्याचें तोंड पुरतें उघडत नाहीं, उच्चार स्पष्ट होत नाहीं, घास चावण्यास वेळ लागतो. म्हणून तो लग्नाच्या पंगतीस बसण्याचें टाळतो, आणि आपण म्हणतों, 'हल्लीं माणूसघाणा झाला आहे.' ज्या स्त्रीचा स्तन काढावा लागला, ती आपली व्यथा सख्ख्या बहिणीपाशींही बोलत नाहीं. मुलांच्या बाबतींत आम्हां शिक्षकांनीं विशेष सावध असलें पाहिजे. कांहीं औषधांनीं मुलास ऐकूं कमी येऊं शकतें. मेंदूस किरणोपचार झाले असल्यास अवधान टिकत नाहीं व गणितें सोडविण्यास वेळ लागतो. अशा मुलास आळशी म्हणणें हा अन्याय होय. त्यास पुढचा बांक, थोडा अधिक वेळ आणि एकदां अधिक समजावून सांगणें, एवढें पुरतें. आणि एवढें देणें ही कृपा नसून आपलें कर्तव्य आहे.

आतां आपण करावें तरी काय? या प्रश्नाचें उत्तर मला योहानाच्या शुभवर्तमानांतील लाजराच्या कथेंत सांपडतें. आपल्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें आहेत, म्हणून ती थोडक्यांत सांगतों. बेथानी गांवचा लाजर मरण पावून चार दिवस झाले होते. प्रभु येशू कबरेपाशीं आला व त्यानें हांक मारितांच लाजर उठून बाहेर आला. परंतु त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनीं बांधलेले होते आणि तोंडाभोंवतीं रुमाल गुंडाळलेला होता. तेव्हां प्रभूनें भोंवतालच्या लोकांस आज्ञा केली, कीं यास सोडवा आणि जाऊं द्या. ज्यानें मेलेल्यास उठविलें, त्यास ती वस्त्रें सोडणें अशक्य होतें काय? मुळींच नाहीं. परंतु तें काम त्यानें बुद्ध्याच शेजाऱ्यांकडे सोंपविलें. उठविणें हें मनुष्याच्या शक्तीपलीकडचें. पण गांठी सोडणें हें प्रत्येकास जमणारें. आजचा डॉक्टर ईश्वरकृपेनें रोग्यास उठवितो. त्याच्या भोंवतीं गुंडाळलेलीं भयाचीं, लज्जेचीं व एकाकीपणाचीं वस्त्रें सोडण्याचें काम मात्र आपलें आहे. या आज्ञेचीं दोन अंगें आहेत, सोडविणें आणि जाऊं देणें. आणि आपण बहुधा दोन्हीही चुकतों.

सोडविण्याचें पहिलें साधन म्हणजे ऐकून घेणें. आपल्याकडे दुखणाईतास बोलूं देण्यापेक्षां उपदेश करण्याची हौस फार. 'धीर धर, चांगले विचार कर, मागचें विसरून जा,' हीं वाक्यें आपण प्रेमानेंच बोलतों. परंतु ऐकणाऱ्यास त्यांचा अर्थ असा लागतो, कीं तुझें भय आम्हांस ऐकावयाचें नाहीं. आनंदी वृत्तीनें कर्करोग जातो व खिन्नतेनें तो परत येतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. मग 'चांगले विचार कर, नाहीं तर रोग परतेल' असें सुचवून आपण त्या मनुष्याच्या भयावर अपराधाचें ओझें कां लादावें? ईयोबाचे मित्र त्याच्या भेटीस आले, तेव्हां सात दिवस व सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसून राहिले. त्यांनीं केलेल्या सांत्वनांपैकीं खरें सांत्वन तेवढेंच. पुढें त्यांनीं तोंडें उघडलीं आणि सर्व बिघडलें.

दुसरें साधन म्हणजे दोष न लावणें. हें कोणत्या पापाचें फळ, मागल्या जन्मींचें कीं या जन्मींचें, आईबापांचें कीं त्याचें स्वतःचें, असा प्रश्न कोणत्याही धर्माच्या घरीं निघतो. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं नेमका हाच प्रश्न प्रभूस केला होता, आणि त्यानें दोन्ही पर्याय नाकारले. ज्यास तंबाखूचें व्यसन होतें, त्यासही तें आतां पुन्हां ऐकविण्यानें लाभ नाहीं. तो धडा त्यानें स्वतःच्या देहावर वाचला आहे. कर्करोग स्पर्शानें किंवा एका ताटांत जेवल्यानें होत नाहीं, हें सुशिक्षितांसही अद्यापि सांगावें लागतें, ही खेदाची गोष्ट होय. पेला निराळा ठेवणें हा त्या मनुष्याचा अपमान आहे, आणि तो त्यास न सांगतां कळतो.

आज्ञेचें दुसरें अंग म्हणजे जाऊं देणें. कांहीं घरांत रोग्याची उपेक्षा होत नाहीं; तेथें उलट तो काळजीच्या दोऱ्यांनीं जखडला जातो. मूल बरें झालें, डॉक्टरांनीं खेळण्यास परवानगी दिली, तरी आई त्यास मैदानावर पाठवीत नाहीं. सहलीस पाठवीत नाहीं. बाप त्याच्या पुढच्या शिक्षणाचा विचारच करीत नाहीं. या मातापित्यांनीं जें भोगलें त्याचा विचार करितां त्यांस कठोर शब्द बोलवत नाहीं. परंतु ज्या आयुष्यासाठीं एवढें सोसलें, तें आयुष्य त्या मुलास जगूं दिलें पाहिजे. डॉक्टर जेथें 'नको' म्हणतील तेथें थांबावें. जेथें ते 'हो' म्हणतील तेथें आपण 'नको' म्हणूं नये. प्रौढांच्या बाबतींतही तेंच. बऱ्या झालेल्या मनुष्यास त्याचें काम, त्याचा हिशेब, त्याचें घरांतील मत परत द्यावें. विवाहाचा प्रश्न निघाल्यास रोग लपवूं नये व त्यावरून नातें धुडकावूंही नये. डॉक्टरांस भेटून खरी माहिती घ्यावी.

याच संबंधांत एक इशारा देणें अवश्य वाटतें. क्रिकेटपटु युवराज सिंग यांनीं २०११ सालीं विश्वचषक गाजविला, २०१२ सालीं अमेरिकेंत कर्करोगाचे उपचार घेतले व त्याच वर्षीं ते पुन्हां भारतीय संघांतून खेळले. हें उदाहरण खरोखर स्फूर्तिदायक आहे. पण तें मापाची पट्टी म्हणून वापरूं नये. जो मनुष्य आज पायऱ्या चढून वर्गांत आला, त्याचा पराक्रम लहान नाहीं. त्यास 'तो पहा, आणि तूं!' असें म्हणणें म्हणजे सोडविलेल्या हातापायांस दुसरी दोरी बांधणें होय.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वांट्यास येणारें काम सोपें आहे, पण तें तुमच्यावांचून दुसऱ्या कोणास करितां येणार नाहीं. तुमचा एखादा सोबती दीर्घ उपचारानंतर वर्गांत परत आला, तर त्याच्याकडे टक लावून पाहूं नका आणि त्याच्याकडे पाहण्याचें टाळूंही नका. केंस गळलेल्या डोक्यास टोपणनांव ठेवणें हा विनोद नव्हे. बुडालेला अभ्यास उतरून घेण्यास त्यास आपली वही द्या. खेळांत त्यास धांवतां येत नसेल तर गुणलेखक करा, पण खेळाबाहेर ठेवूं नका. तुमच्या घरीं कोणास गोंवर किंवा कांजिण्या आल्या, तर वर्गशिक्षकांस तत्काळ सांगा. कारण उपचारांनंतर कांहीं काळ त्याची रोगप्रतिकारशक्ति क्षीण असते, आणि तुमच्यासाठीं किरकोळ असलेलें दुखणें त्यास धोक्याचें होऊं शकतें. तो आपण होऊन बोलला तर ऐका. न बोलला तर कालच्या सामन्याविषयीं बोला. त्यासही पुष्कळदां तेंच हवें असतें.

पालकांनीं आणखी एका व्यक्तीकडे पाहावें, ती म्हणजे रोगमुक्त मुलाचा भाऊ अथवा बहीण. दोन-अडीच वर्षें घरांतील सारें लक्ष, पैसा व अश्रु एकाच मुलाकडे गेलेले असतात. दुसरें मूल समजूतदारपणानें गप्प राहिलेलें असतें, आणि आपणांस हेवा वाटतो याचीच त्यास लाज वाटत असते. त्यासही जवळ घ्यावें. शुश्रूषा करणारी आई किंवा पत्नी हिचीही तीच गत. रोगी उठला म्हणजे पुष्कळदां ती खचते. इतके दिवस खचण्यास तिला फुरसत नव्हती.

प्रेमानें सर्व कांहीं होतें, असें मात्र मी म्हणणार नाहीं. ज्याची खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकते, झोंप व अन्न सुटतें, कशांतही गोडी रहात नाहीं, किंवा जो जगण्यांत अर्थ नाहीं असें बोलूं लागतो, त्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें. मनाचा वैद्य गांठणें यांत कमीपणा नाहीं. हाड मोडल्यास आपण केवळ प्रार्थनेवर विसंबत नाहीं. भारत सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेल्या 'टेलि-मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. तो प्रत्येक घरीं लिहून ठेवावा. परळच्या टाटा रुग्णालयांत उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठीं १९९१ सालीं निराळें तपासणी-केंद्र सुरू झालें. तेथें देहाबरोबर शिक्षणाचा व मनाचाही विचार होतो. बाळपणीं या रोगांतून उठलेल्या तरुणांनीं २००९ सालीं 'उगम' हा संघ मुंबईस काढला. ज्यानें ती वाट चालून पाहिली आहे त्याचा एक शब्द आपल्या दहा शब्दांहून अधिक धीर देतो. म्हणून अशा सोबत्यांची गांठ घालून देणें हीही मोठी सेवा आहे.

यावर कोणी म्हणेल, 'काळ हेंच औषध आहे. जखमेची खपली काढण्यांत काय अर्थ?' काळ औषध आहे हें खरें. पण तें औषध एकट्यास घेववत नाहीं. आणि आम्ही खपली काढा असें म्हणत नाहीं; जखम झांकण्यासाठीं त्या मनुष्यास अंधाऱ्या खोलींत बसवूं नका, एवढेंच म्हणतों. आमच्या मंडळींत रोगमुक्तीची उपकारस्तुति मोठ्या थाटानें होते. ती अवश्य व्हावी. परंतु तिच्या दुसऱ्या महिन्यांत, सहाव्या महिन्यांत आणि दुसऱ्या वर्षींही कोणी तरी त्या घराची कडी वाजविली पाहिजे. फार बोलावयाचें नाहीं. 'पुढची तपासणी केव्हां आहे? मी बरोबर येऊं का?' एवढेंच विचारावयाचें. हा प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाहीं आणि पैसाही लागत नाहीं. पण त्यानें एक गांठ निश्चित सुटते.